पडीक नव्हती ती जमीन, दादा

दादा,

मी तुझ्यावर भयंकर चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते.

काल गावच्या विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, आणि मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलायला लागला. सरपंच म्हणाले, दादा मोठे निसर्गप्रेमी होते. तू असतास तर मागच्या रांगेतून ओरडला असतास, "निसर्गप्रेमी कसला, मी गायींचा वॉचमन आहे!" मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, धाकटी बहीण आहे, रडू आवरत नसेल. रडू कसलं डोंबलाचं! तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या, आणि पहिली तुलाच बसली असती.

आठ दिवस ताप अंगावर काढलास तू. पावसाळ्यात गोठ्यातल्या चिखलात अनवाणी वावरणाऱ्या माणसाला ताप आला तर तो लेप्टोचा असू शकतो, हे मी तुला एकदा नाही, दहादा सांगितलेलं. गमबूट आणून दिलेले. काल ते गोठ्यामागे सापडले. एकात कुंपणाच्या खुंट्या, दुसऱ्यात दोरीचं भेंडोळं. शेवंतावहिनी रोज म्हणत होती डॉक्टरकडे चला, आणि तू रोज म्हणत होतास, "तार हलवतो आणि जाऊ." तार हलवलीस, गोळी गिळलीस, झोपलास. ठाण्याच्या हॉस्पिटलात आणेपर्यंत डोळे हळदीसारखे झालेले. ॲम्ब्युलन्स माजिवड्याच्या पुलाखाली अडकून पडली होती, तेव्हा वहिनीने मला पहिला फोन केला. तोवर मला पत्ताच नव्हता, कारण त्या आठ दिवसांत आपण एकमेकांशी बोलत नव्हतो. का बोलत नव्हतो, तेच लिहायला बसलेय.

काल पंगतीत डोंबिवलीची माझी शेजारीण हळूच म्हणाली, "मंगलताई, तार म्हणजे काय हो नक्की? मघापासून जो तो तार तार करतोय." मग मी तिला सांगितलं. गावामागचा तो डोंगराचा उतार गुरचरणीचा, म्हणजे गावाच्या गुरांना चरायला ठेवलेला. त्याचे माझ्या भावाने चाळीस पट्टे पाडले. सोळा गायी एका वेळी एकाच पट्ट्यात. भोवती बॅटरीवरची बारीक तार, हात लागला तर मुंगी चावल्यासारखा झटका बसतो. गायींनी दिवसभर तिथेच दाटीवाटीने चरायचं, तिथेच शेण टाकायचं, तिथेच तुडवायचं. दुसऱ्या दिवशी तार उचलून पुढच्या पट्ट्यात. चरून झालेल्या पट्ट्याकडे मग चाळीस दिवस फिरकायचं नाही. गवताला पुन्हा वर यायला तेवढे दिवस लागतात. पावसाळा सरला की वाढ मंदावते, मग गायी बराच वेळ गोठ्यात कापलेल्या गवतावर राहायच्या आणि पट्ट्यांना आणखी लांब सुट्टी मिळायची.

ती म्हणाली, "म्हणजे गुरं चारायची, एवढंच ना?"

तिचं काही चुकलं नाही, पण माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. एवढंच. आबाही हेच म्हणाले होते, फक्त त्यांचा आवाज चढलेला होता.

तुला तो दिवस आठवत असेल. कोपरीच्या चाळीतली आपली खोली, आबा खाटेवर, आणि तू दारात उभा राहून सांगतोयस की कारखाना बंद पडला, आता शेवंताच्या माहेरी जाऊन गायी पाळणार. आबा आधी हसले. मग म्हणाले, "माझ्या बापाने मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं म्हणून त्याला गाव सोडावं लागलं. उपाशी आला तो ठाण्याला. मी तुम्हाला शिकवलं ते पुन्हा ढोरांच्या मागे जायला?" तुझ्या उजव्या हाताची करंगळी एमआयडीसीतल्या प्रेसने खाल्लेली, तो हात नेहमीसारखा खिशात. मी आबांच्या बाजूने होते. डोळे मिटेपर्यंत आबा तुझ्या गोठ्यावर आले नाहीत, आणि मी त्यांना एकदाही म्हटलं नाही की चला, बघून तरी येऊ.

गावात तरी तुझं कुणी स्वागत केलं होतं? निम्म्या गावाने जमिनी बिल्डरला देऊन गुरं विकून टाकलेली, गुरचरणीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. दर उन्हाळ्यात कुणीतरी काडी लावायचं, उतार काळा पडायचा, आणि पावसात लाल पाणी धावत ओढ्याला जायचं. तू नऊ गायी घेऊन वर चढलास तेव्हा मात्र सगळ्यांना गुरचरण आठवली. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "तुमच्या लोकांनी कधी गुरं राखलीत?" तू म्हणालास, "राखली नाहीत काका. मेलेली ओढली. आता जिवंत बघतो जरा." हे मला वहिनीने सांगितलं, तू नाही. तुझ्या तोंडून ऐकायला हवं होतं मला. आता कुठून ऐकू?

आणि तुझं ते माप! हाताची कड जमिनीला टेकवायची, बोटं एकावर एक. गवत चार बोटांपर्यंत खाली आलं की गायी उठवायच्या, पोट भरलेलं असो वा नसो. त्याच्या खाली खाल्लं तर मूळ दमतं, म्हणायचास. तू डाव्या हाताने मोजायचास, कारण "उजव्याने मोजलं तर गायींची चंगळ होईल." दोन पावसाळ्यांमागे तुम्ही दोघं लग्नाला चार दिवस गेलात आणि गायी माझ्यावर सोडल्यात. मी अगदी नियमाने मोजलं. तू परत आलास, उतारावर नजर टाकलीस आणि कपाळाला हात लावलास. पट्टे न्हाव्याने भादरल्यासारखे झालेले.

"अगं मंगे, बोटं बघ तुझी, पेनासारखी. वर अंगठा धरायचा ना!"

"मला काय स्वप्न पडणार आहे? चार बोटं म्हणालास, चार बोटं मोजली. सेंटिमीटरमध्ये सांग, लिहून ठेवते."

"सेंटिमीटर गायीला कळतो का?"

"आणि बोट कळतं?"

"नाय कळत. म्हणून तर माणूस लागतो."

मी इतकी भडकले की न जेवता डोंबिवलीला निघून आले. ते पट्टे पुढे अख्खा पावसाळा अंग धरत नव्हते. चूक माझी होती हे मला तेव्हाच कळलेलं. अंगठा धरायचं मात्र मी कधीच कबूल केलं नाही. तूही पुन्हा विषय काढला नाहीस, फक्त माझ्यावर गायी सोडणं बंद केलंस.

वाद तर आपले शंभर होते. मी वीस वर्षं माती तपासण्याच्या लॅबमध्ये काढली, तू मातीत हात घालून म्हणायचास, "वास घे, कळेल." मी म्हणायचे, गाय ढेकर देते त्यातून जो वायू जातो तो हवा तापवतो, तुझ्या मातीत मुरलेला कार्बन त्याला पुरा पडेल का? तू म्हणायचास, "आधी तुझ्या सोसायटीच्या पार्किंगला विचार, मग माझ्या गौरीला." हे उत्तर नव्हे. तेव्हाही नव्हतं. खरं सांगू? मला याचं उत्तर अजून माहीत नाही, आणि ज्याच्याशी भांडून ते सापडलं असतं तो मेणबत्त्यांमागे फोटोत हसत बसलाय.

पण मातीचं तू बरोबर होतास. हे मी तुला कधी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी मी उतारावरून माती नेली ती नुसता मुरूम होता, पहार टेकवली की ठण्ण वाजायचं. सहाव्या वर्षी तीच पहार वीतभर आत गेली. माती काळसर, मुळांनी गच्च, शेणाच्या पोवट्या उलटल्या की खाली शेणकिड्यांची धावपळ. धो धो पाऊस चालू असताना तू मला हाताला धरून ओढ्यावर नेलंस. शेजारच्या डोंगराचं पाणी लाल येत होतं, आपल्या उताराचं येतच नव्हतं, आत मुरत होतं. लॅबमध्ये मी त्या मातीतला कार्बन तीनदा तपासला. पहिल्यांदा वाटलं हात चुकला. दुसऱ्यांदा वाटलं रसायन जुनं असेल. तिसऱ्यांदा मी स्टुलावर बसून राहिले. हवेत गेला असता तो कार्बन तुझ्या गायींनी गवताकडून मुळांत आणि मुळांकडून मातीत घातला होता, आणि माझा दादा शेणाने भरलेल्या पायांनी रोज तार उचलत होता म्हणून ते झालं होतं. मी फोन करून तुला इतकंच म्हणाले, "ठीक आहेत आकडे." काय जात होतं माझं आणखी चार शब्द बोलायला?

मग मुरूमवाल्या ठेकेदाराची नजर उतारावर गेली. पंचायतीत कुजबुज सुरू झाली. मी म्हटलं, रिपोर्ट करते, मातीचा कागद हातात असला की पंचायत हात लावणार नाही. तू म्हणालास, "कागद करू नको मंगे. कागद झाला की माणसं येतात." मी म्हटलं, तू अडाण्यासारखं बोलतोयस. आणि केला मी कागद. ठिकाण, खोली, तारीख, कार्बनचा आकडा. एक रकाना होता, जमिनीचा वापर. माझ्यासमोर सातबारा होता, त्यावर गुरचरण, पडीक असं लिहिलेलं. वीस वर्षांच्या सवयीने मी तेच उतरवलं. पडीक. एक शब्द. सोळा गायी, चाळीस पट्टे, तुझी सहा वर्षं, वहिनीचे हात, त्या फॉर्मात कुठेच नाहीत.

ठेकेदार गेला, हे खरं. त्याच्या जागी कार्बनवाले आले, जमिनीत मुरलेला कार्बन मोजून त्याचे हिशेब कंपन्यांना विकणारे. घोडबंदर रोडवरच्या काचेच्या टॉवरमध्ये त्यांचं ऑफिस. मी गेलेले, तुला न सांगता. भिंतभर हिरव्या गवताचा फोटो, आणि एसी इतका की मी पदर खांद्यावरून ओढून घेतला. तिथला साहेब माझ्याच पोराच्या वयाचा, गोड बोलणारा. म्हणाला, "मॅडम, तुमचा रिपोर्ट एकदम सुपर आहे. पडीक जमीन स्वतःहून एवढी रिकव्हर होतेय! आता आपण चराईबंदी करू, कुंपण घालू, झाडं लावू. कॅटल आउट केली की आणखी फास्ट होईल."

मी म्हटलं, "अहो, ती गायींमुळेच झालीय."

तो म्हणाला, "तसं रिपोर्टमध्ये कुठे आहे?"

मी त्याच्यापुढे बसून तुझंच बोलणं बोलले. गवत खायला तोंड नसलं की ते उभ्या उभ्या वाळतं, खालच्या कोंबाला ऊन मिळत नाही, मग उन्हाळ्यात कुणीतरी काडी लावतं आणि सहा वर्षांचं सगळं एका दुपारी धुरात जातं. त्याने सगळं लॅपटॉपवर टिपून घेतलं. तुझं बोलणं मला तोंडपाठ होतं, दादा. भांडता भांडता कधी पाठ झालं, कळलंच नाही.

पंचायतीची चराईबंदीची नोटीस तुझ्या हातात पडली त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. "पडीक हे तू लिहिलंस?" एवढंच विचारलंस.

मी म्हटलं, "फॉर्म तसाच असतो."

"आबासुद्धा एवढं बोलले नव्हते गं," म्हणालास, आणि फोन ठेवलास.

मला राग आला. हो, मलाच! वाटलं, याच्यासाठी एवढं केलं आणि वर हाच मला बोलतो. ठरवलं, तो करेल तेव्हा फोन, मी करायची नाही. तू तेव्हा तापाने फणफणत होतास, हे मला कुठे माहीत होतं? तू का नाही सांगितलंस? नुसतं "अंगात कणकण आहे" एवढं म्हणाला असतास तर मी त्याच पावली आले असते, तुझ्या रक्ताची तपासणी करून घेतली असती, तुला दटावून हॉस्पिटलात घातलं असतं. तुझा ताठा आणि माझा ताठा, दोन्ही एकाच घरातले.

तुला पोचवून आम्ही परत आलो त्या दिवशी पाऊस थांबला होता. बायका वहिनीला धरून बसल्या होत्या. ती उठली, पाय धुतले, आणि तार घ्यायला निघाली. मी आडवी गेले. "वहिनी, आज तरी राहू दे."

"ताई, कालपासून त्याच पट्ट्यात हायेत. तीन बोटं पण राहिलं नसेल."

"अगं पण आज?"

"गायींना काय माहीत ते गेले ते," ती म्हणाली आणि गेली. बायका तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. एक म्हणाली, काळीज आहे की दगड. मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण दादा, मी मागून गेले तेव्हा वहिनी पट्ट्यात बसलेली, हात जमिनीला टेकवलेला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुडघे गेल्यापासून तुला खाली बसता येत नव्हतं. म्हणजे गेली दोन-तीन वर्षं चार बोटं तीच मोजत होती, आणि मला ते दिसलं नव्हतं. फॉर्म भरायची सवय फॉर्मपुरती राहत नाही.

काल सगळे पांगल्यावर सरपंच, तो घोडबंदरचा साहेब आणि आणखी दोघं विहाराच्या पायरीवर उभे होते. सांत्वनाला आलेले, पण हातात फाइल. सरपंच म्हणाले, "दादा गेले, वाईट झालं. आता गायींचं कोण बघणार? तर म्हटलं, सोमवारी कुंपणाचे खड्डे मारून घेऊ." पुण्यानुमोदनाच्या दिवशी! खीर खाल्लेली वाटी अजून बाजूलाच होती त्यांची.

मी म्हटलं, "खड्डे मारायचे नाहीत. रिपोर्ट चुकला आहे."

"आकडे चुकले?" साहेब दचकला.

"आकडे बरोबर आहेत. पडीक चुकलंय. ती जमीन माझा भाऊ आणि माझी वहिनी गायी घेऊन रोज कसतात. माझ्या चुकीचा कागद मी करून आणलाय, सहीसकट. घ्या." गेल्या आठवड्यात केलेला कागद मी त्याच्या हातात दिला. त्यात मी शेवटी लिहिलं होतं, की कार्बन वाढला तो चराईमुळे, आणि चराई बंद झाली तर तो टिकेल याची खात्री मी देत नाही.

त्याने वाचलं. म्हणाला, "मॅडम, जुना डेटा वर गेलाय ऑलरेडी."

वहिनी इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, "डेटा वर गेला असेल. गायी इथंच हायेत."

सरपंचांनी फाइल बंद केली. दिवाळीपर्यंत जैसे थे, मग ग्रामसभेत ठेवू, म्हणाले. ग्रामसभेत काय होईल ते सांगता येत नाही. गावातल्या ज्यांच्याकडे आता एक गायही नाही तेच हात वर करणार आहेत, आणि कार्बनवाले गोडच बोलणार आहेत. मी जाणार आणि बोलणार. उतारावर तुझ्या नावाचा बोर्ड लावा म्हणूनही मी भांडणार होते, पण वहिनी म्हणाली, "नाव नको ताई, पट्टे राहू देत."

मी सध्या इथेच राहिलेय. रिटायर झालेल्या बाईला डोंबिवलीत कोण विचारतं? तुझे गमबूट रिकामे केले. मला मोठे होतात, म्हणून दोन मोजे घालते.

आज सकाळी वहिनीने माझ्या हातात तार दिली आणि स्वतः धारा काढायला बसली. मी उतारावर गेले. गायी विसाव्या पट्ट्यात होत्या, गौरी सगळ्यांच्या पुढे, मला बघून तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तू शेवटची तार हलवलीस तो सातवा पट्टा वाटेतच लागला. तिथलं गवत आता पोटरीला लागतं. तिथे मी थांबले नाही, थांबले असते तर काम राहिलं असतं.

विसाव्या पट्ट्यात खाली बसले, हाताची कड टेकवली, बोटं एकावर एक धरली. गवत चौथ्या बोटाच्या जरा वर होतं. म्हणजे अजून अर्धा दिवस चालेल, असं मनात आलं, आणि सवयीने तुझ्याशी वाद घालायला तोंड उघडलं.

मग मी बोटांवर अंगठा धरला. गवत अंगठ्याच्या खाली होतं. उठले आणि तार सोडून गायी पुढच्या पट्ट्यात घातल्या.

धरला रे अंगठा, दादा.